परतीला वारं नडतंय? वाऱ्यात सायकल चालवताना येणाऱ्या अडचणी आणि त्यांवरचे उपाय

दरवर्षी जून लागला की एकच गाऱ्हाणं वेगवेगळ्या तोंडांनी ऐकू येतं. ‘सकाळी कराडकडे मस्त गेलो, येताना सायकल पुढे सरकेना.’ ‘हायवेवर अचानक दोन फूट आत ढकलली गेले.’ ‘उतारावर हँडल थरथरलं, तेव्हापासून घाटात जायची भीतीच बसली.’ मी साताऱ्यात राहतो, रोज कामाला सायकलनेच जातो, सुट्टीच्या दिवशी लांबही जातो. यातली प्रत्येक तक्रार माझी स्वतःची होऊन गेली आहे. साताऱ्याला वारं काही नवीन नाही. ठोसेघरच्या पुढे चाळकेवाडीच्या पठारावर एवढ्या पवनचक्क्या उभ्या आहेत त्या त्यासाठीच. पण चांगली तयारी असलेली, दमसास असलेली मुलंमुली केवळ वाऱ्याला कंटाळून चार महिने सायकल भिंतीला लावून ठेवतात, हे बघून मला वाईट वाटतं. म्हणून एकेक अडचण घेऊन सविस्तर लिहितोय. उदाहरणं माझ्या भागातली आहेत, पण वारं सगळीकडे सारखंच वागतं.

आधी खात्री करा, वारंच आहे ना?

हे सांगायचं कारण असं, की निम्म्या वेळा वाऱ्याच्या नावावर दुसऱ्याच गोष्टी खपतात. मागचं चाक उचलून हाताने फिरवा. दोन-तीन फेऱ्यांतच थांबत असेल तर ब्रेक घासतोय किंवा बेअरिंग गेलंय. टायर अंगठ्याने दाबून न बघता पंपाच्या काट्यावर बघा. अंगठ्याला घट्ट लागणारा टायरही बऱ्याचदा निम्म्या हवेचा निघतो.

तिसरी गोष्ट चढाची. सातारा ते कराड हा रस्ता डोळ्याला सपाट दिसतो, पण तो कृष्णेच्या प्रवाहाबरोबर खाली जातो. म्हणजे जाताना आपल्याला न कळता उतार मिळतो आणि येताना न कळता चढ. त्यात पश्चिमेचं वारं मिसळलं की दोन्हींचा दोष एकट्या वाऱ्याला लागतो. खात्री करायची असेल तर वारं पडलेलं असताना, अगदी पहाटे, तोच टप्पा दोन्ही दिशांनी करून वेळ लिहून ठेवा. त्यावरून चढाचा वाटा किती आणि वाऱ्याचा किती हे स्वच्छ कळतं. मी हे केलं तेव्हा परतीच्या दमछाकीतला बराचसा हिस्सा वाऱ्याचा नव्हताच असं निघालं, आणि नुसत्या तेवढ्या माहितीने पुढच्या खेपेला पाय हलके झाले.

‘जाताना मजा, येताना जीव निघतो’

इथे थोडं गणित मांडतो, कारण एकदा ते डोक्यात बसलं की वाऱ्याशी भांडण आपोआप थांबतं.

हवेचा विरोध वेगाच्या वर्गाने वाढतो. हा वेग तुमचा आणि वाऱ्याचा मिळून धरायचा. समजा माणूस आणि सायकल मिळून ८५ किलो, रस्ता सपाट, हवा शांत, वेग ताशी २५ किलोमीटर. एवढ्याला पायातून ढोबळ ११० वॅट ताकद लागते. आता समोरून ताशी २० किलोमीटरचं वारं आलं. तोच २५ चा वेग टिकवायचा हट्ट धरला तर ताकद जवळजवळ अडीचपट, म्हणजे २७० वॅटच्या आसपास लागेल. आपल्यापैकी बहुतेकांना एवढी ताकद दहा-पंधरा मिनिटंही टिकत नाही. उलट ताकद तीच ११० वॅट ठेवली तर वेग १५ वर येतो. आणि तेच वारं पाठीशी असेल तर त्याच ताकदीत वेग ३८ च्या घरात जातो.

इथे बहुतेकांची एक समजूत असते, की जाताना गमावलेलं येताना भरून निघेल. तसं होत नाही. जाऊन २० आणि येऊन २० किलोमीटरची फेरी घ्या. शांत हवेत २५ च्या वेगाने ९६ मिनिटं लागतात. या वाऱ्यात एकीकडे ८० मिनिटं आणि दुसरीकडे साधारण ३२ मिनिटं, मिळून ११२. सोळा मिनिटं कुठे गेली? समोरच्या वाऱ्यात आपण जास्त वेळ असतो आणि पाठीच्या वाऱ्यात कमी, एवढंच. त्यात तुमची काही चूक नाही, तयारी कमी पडली असंही नाही. वारं असलेल्या दिवशी सरासरी घसरणारच.

म्हणून पहिला आणि सगळ्यात मोठा उपाय: समोरचं वारं लागलं की वेगाचा आकडा बघणं बंद करा. मी मीटरवरचा वेगाचा पडदाच बदलून टाकतो, फक्त वेळ आणि हृदयाचे ठोके ठेवतो. ठोके मोजायचं यंत्र नसेल तर श्वासावर चाला. शेजारच्याशी एक पूर्ण वाक्य बोलता येतंय, तोवर जोर बरोबर आहे. वाक्य तुटायला लागलं की जोर जास्त झालाय, वेग कितीही कमी दिसत असला तरी.

दुसरा उपाय गिअरचा. समोरचं वारं म्हणजे न संपणारा चढ असं धरून एक-दोन गिअर हलके करा आणि पाय मिनिटाला ऐंशी-नव्वद फेऱ्यांच्या आसपास फिरते ठेवा. जड गिअरवर दाबत राहिलात तर दहाव्या किलोमीटरला मांड्या भरून येतात आणि गुडघा बोलायला लागतो. उभं राहून पॅडल मारायचा मोह टाळा. उभं राहिलं की छाती वाऱ्याला मिळते आणि लावलेला सगळा जोर तिथेच खर्ची पडतो.

तिसरा, शरीर लहान करा. हवेचा बहुतांश विरोध सायकलला होत नाही, आपल्या अंगाला होतो. ड्रॉप हँडल, म्हणजे खाली वळलेलं हँडल असेल तर खालची पकड घ्या. सरळ हँडलच्या हायब्रिडवरही कोपर वाकवून छाती चार बोटं खाली आणली, कोपर आत घेतले, गुडघे दांडीजवळ ठेवले की फरक जाणवतो. पाठ वाकवताना कमरेतून वाका. खांदे कानांकडे ओढून वाकलात तर अर्ध्या तासात मान धरते. हे एका दिवसात जमत नाही. मी कामावर जाताना रोज दोन विजेच्या खांबांमधलं अंतर वाकून आणि पुढचं अंतर सरळ बसून, असं महिनाभर केलं, तेव्हा कुठे पाठ त्याला तयार झाली.

ब्रेव्हे, म्हणजे ठरलेल्या वेळेत पूर्ण करायच्या लांब पल्ल्याच्या सायकल फेऱ्या करणाऱ्यांसाठी एक खास गोष्ट. २०० किलोमीटरच्या ब्रेव्हेला साडेतेरा तास मिळतात, म्हणजे थांबे धरून ताशी पंधराच्या जरा खालची सरासरी. वर काढलेला समोरच्या वाऱ्यातला वेगही पंधराच आहे. तेव्हा वाऱ्याच्या दिवशी वेळ पायातून वाचत नाही, चहाच्या टपरीवर वाचते. कंट्रोलवर, म्हणजे वाटेतल्या नोंदीच्या थांब्यावर, वीस मिनिटं बसायची सवय असेल तर ती दहावर आणा आणि सायकलवर शांत राहा. खाण्याचा हिशेबही किलोमीटरवर न ठेवता घड्याळावर ठेवा. एरवी दोन तासांत होणारा टप्पा वाऱ्यात तीन तास घेतो, आणि जवळची दोन केळी मधेच संपतात. शेंगदाण्याची चिक्की किंवा राजगिऱ्याचे लाडू जास्तीचे ठेवा. वाऱ्यात घाम लगेच वाळतो, त्यामुळे तहान कळत नाही. पाणी ठरवून प्यावं लागतं.

‘जातानाही समोरून, येतानाही समोरून’

ही तक्रार खोटी वाटते, पण अगदी खरी आहे. वारं नेमकं आडवं असेल तर असंच होतं. तुम्ही ताशी २५ ने पुढे जाताय आणि २० चं वारं बरोबर काटकोनात येतंय. अंगाला लागताना ते काटकोनात लागत नाही. तुमच्या वेगाचं वारं आणि खरं वारं मिळून ते समोरून जरा तिरकं, चाळीस अंशांच्या आसपास लागतं. वळून परत आलात की दुसऱ्या बाजूने तसंच. हवेचा विरोध त्यामुळे दोन्हीकडे पाव हिश्श्याहून जास्त वाढतो. याला उपाय एवढाच, की त्या दिवशी दोन्ही टप्पे समोरच्या वाऱ्याचे समजूनच निघायचं आणि अंतर तेवढं कमी धरायचं. आडवं वारं थकवतं तेवढ्यापुरतं ठीक आहे. त्याचं खरं भय वेगळं आहे.

‘सायकल आडवी ढकलली जाते’

या भागावर मी जास्त थांबणार आहे. समोरचं वारं दमवतं, आडवं वारं पाडतं.

आपण डाव्या बाजूने चालतो. साताऱ्याहून कराडकडे निघालात तर तोंड साधारण दक्षिणेला, जरासं पूर्वेकडे असतं, आणि पावसाळ्यातलं पश्चिमेचं वारं उजवीकडून येतं. ते तुम्हाला रस्त्याच्या कडेला, डांबराबाहेर ढकलतं. परतताना तेच वारं डावीकडून आणि जरा समोरून येतं, आणि तुम्हाला गाड्यांच्या बाजूला ढकलतं. म्हणजे एकच रस्ता, एकच वारं, पण दोन वेगळे धोके. दोन्हींवर उपाय वेगवेगळे आहेत आणि इथेच लोकांची गल्लत होते.

वारं डावीकडून असेल, म्हणजे गाड्यांकडे ढकलत असेल, तर पांढऱ्या पट्टीच्या डावीकडे, साइडपट्टीवर जितकं आत जाता येईल तितकं जा. उजव्या हाताला दोन-अडीच फूट मोकळे असले पाहिजेत, कारण झोत आला की सायकल तेवढी सरकतेच. साइडपट्टीच नसेल तर तो रस्ता त्या दिवशी नको.

वारं उजवीकडून असेल तर अगदी कडेला चिकटून चालू नका. डांबराची कड बऱ्याच ठिकाणी चार-सहा बोटं उंच असते. झोताने पुढचं चाक खाली उतरलं आणि ते तसंच तिरकं वर चढवायला गेलात, तर चाक कडेला घासून माणूस रस्त्यावरच पडतो. कडेपासून दोन फूट आत राहा. चुकून खाली गेलातच तर हँडल वळवू नका. सरळ जात वेग कमी करा, थांबा, मग सायकल उचलून वर घ्या.

आणि याच बाजूला सगळ्यात फसवी गोष्ट घडते. वारं उजवीकडून आहे, तुम्ही नकळत उजवीकडे झुकून तोल धरलाय. इतक्यात उजवीकडून एक लांबलचक कंटेनर पुढे जातो. तो वारं अडवतो. ज्या वाऱ्यावर तुम्ही टेकला होतात ते एका क्षणात नाहीसं होतं आणि सायकल त्या कंटेनरकडेच झुकते. तो निघून गेला की अडलेलं वारं एकदम परत थडकतं आणि तुम्हाला डावीकडे फेकतं. नागठाणे सोडल्यावर माझ्या बाबतीत हे एकदा झालं. कंटेनरच्या मागच्या चाकांच्या पट्ट्यांवरचा चिखल मला इतका जवळून दिसला, की त्या पट्ट्या वाऱ्याने फडफडत होत्या आणि प्रत्येक फटक्याला बारीक पाणी माझ्या चष्म्यावर येत होतं, हे अजून लक्षात आहे. त्या दिवशी घरी आल्यावर मी पहिली गोष्ट केली ती हँडलच्या उजव्या टोकाला आरसा लावायची.

आरसा मी सगळ्यांना आग्रहाने सांगतो. वाऱ्यात कानात इतकं घोंगावतं, की मागून येणारी गाडी शेजारी येईपर्यंत ऐकू येत नाही. मागे वळून बघायला गेलं की सायकल त्याच बाजूला जाते. आरशात मोठी गाडी दिसली की काय करायचं ते आधी ठरलेलं असू द्या: पॅडलवर जोर कायम, कोपर सैल, झुकलेलं अंग हळूहळू सरळ, आणि शक्य तितकं डावीकडे सरकून तिला जाऊ देणं. इयरफोन अशा दिवशी घरीच ठेवा.

आता पकड. झोत आला की आपण हँडल गच्च आवळतो. ते नैसर्गिक आहे आणि चुकीचं आहे. हात ताठ झाले की खांद्याला बसलेला प्रत्येक धक्का थेट पुढच्या चाकात उतरतो. बोटं हँडलभोवती पक्की, पण कोपर मऊ, अशी पकड हवी. अंग खाली घ्या म्हणजे वाऱ्याला धरायला कमी मिळतं. एक गुडघा हलकेच दांडीला लावला तर सायकल अंगाखाली स्थिर राहते. आणि पॅडल थांबवू नका. पाय फिरत असताना सायकल जितकी सरळ चालते तितकी नुसती घरंगळताना चालत नाही.

झोत कुठे येणार हे रस्ताच सांगतो. वाऱ्याच्या बाजूला उंच ऊस उभा असेल तर तुम्ही आडोशात असता. ऊस संपून पुढचा वाफा मोकळा आला की पहिल्या दोन सेकंदांत धक्का बसतो. वस्ती संपते तिथे, डोंगर कापून काढलेल्या खिंडीच्या तोंडाशी, पुलाच्या सुरुवातीला असंच. सातारा-कराड रस्त्यावर उरमोडी आणि तारळी या नद्या पश्चिमेच्या डोंगरांतून येतात. त्यांची खोरी त्या बाजूला उघडी असल्यामुळे वारं त्यांतून नळीतून आल्यासारखं येतं. पुलाआधी शंभर पावलं गिअर हलका करायचा, खाली वाकायचं आणि वाऱ्याच्या बाजूप्रमाणे वर सांगितलेली जागा घ्यायची, ही सवय मला आता हातालाच लागली आहे. पाण्याची बाटली काढायची तर उसाच्या आडोशात काढा, पुलावर कधीच नको.

आडोशाचा एक अंदाज उपयोगी पडतो. झाडांच्या दाट रांगेचा आडोसा तिच्या उंचीच्या साधारण दहापट अंतरापर्यंत पोचतो, जवळ जास्त आणि लांब कमी. दहा फूट उंचीचा ऊस रस्त्यालगत असेल तर पूर्ण रस्ता झाकला जातो. म्हणून मुख्य रस्त्याला समांतर, शेताशेतांतून जाणारा गावरस्ता असेल, तर तो दोन-चार किलोमीटर लांबचा पडला तरी वाऱ्याच्या दिवशी मी तोच घेतो. ऊसतोडीनंतर हा हिशेब बदलतो, तेवढं ध्यानात ठेवा.

‘उतारावर हँडल थरथरतं’

घाट उतरताना आडवा झोत लागला, हात ताठ झाले, की कधीकधी पुढचं चाक वेगाने डावी-उजवीकडे थरथरू लागतं. अशा वेळी हँडल आवळून ते थांबवायचा प्रयत्न केला तर वाढतं. दोन्ही गुडघ्यांनी दांडी घट्ट दाबा, सीटवरचं वजन थोडं उचलून पॅडलवर घ्या, पकड सैल करा आणि मागचा ब्रेक हळूहळू लावा. घरी आल्यावर हेडसेट, म्हणजे हँडल ज्यावर फिरतं ते बेअरिंग, सैल आहे का, चाकाचे स्पोक ढिले आहेत का, पुढचा क्विक रिलीज, म्हणजे चाक धरून ठेवणारा खटका, नीट आवळलाय का, हे बघा. हँडलला मोठी पिशवी लटकवली असेल तर ती काढून मागे न्या. तसंच, वाऱ्याचे दिवस उंच रिमच्या चाकांचे नव्हेत. त्यातही पुढचं चाक साध्या बुटक्या रिमचं असू द्या, कारण वाऱ्याने वळतं ते पुढचंच चाक.

यवतेश्वरचा घाट उतरताना मी प्रत्येक वळणाच्या आधी, डोंगराच्या आडोशात असतानाच वेग कमी करून घेतो. वळण पार करून मोकळ्यावर आल्यावर ब्रेक लावायला गेलात तर झोत आणि ब्रेक एकाच वेळी येतात, आणि ओल्या रस्त्यावर ते नको.

कपडे आणि सामान

थोडक्यात सांगतो. पोंचो नको, ते शीड होतं. अंगासरशी बसणारा विंडचीटर घ्या, चेन गळ्यापर्यंत लावा, मनगटाचं वेल्क्रो आवळा. पाठीवरच्या बॅगेचं रेनकव्हर मागून फुग्यासारखं फुगतं आणि दर झोताला तुम्हाला ओढतं. त्यावरून एक रबरी पट्टा आडवा बांधला की काम होतं. सामान कॅरिअरवर उंच रचण्यापेक्षा खाली, दोन्ही बाजूंना सारखं विभागून ठेवा. पारदर्शक काचेचा चष्मा हवाच. उन्हाळ्यात धुळीसाठी, पावसाळ्यात थेंबांसाठी. डोळ्यात कण गेला की आपण पटकन एक हात सोडतो, आणि नेमका तोच क्षण वाईट असतो.

ग्रुपमध्ये असाल तर

दुसऱ्याच्या मागे लागून चाललं तर हवेचा विरोध पाव ते एक तृतीयांश इतका कमी होतो. समोरच्या वाऱ्यात ही मोठीच मदत आहे. पुढच्याने दोन मिनिटं ओढायचं, मग दमायच्या आधी बाजूला होऊन मागे जायचं. दमल्यावर नव्हे, आधी. ज्याच्यात ताकद आहे त्याने पुढे येऊन वेग वाढवला की मागची माणसं तुटतात आणि एकेकटी वाऱ्यात सापडतात. ताकदवान माणसाने वेग तोच ठेवून जास्त वेळ पुढे राहावं, त्यात सगळ्यांचं भलं आहे.

तिरक्या वाऱ्यात शर्यतीतले सायकलपटू तिरकी रांग करतात, प्रत्येकजण पुढच्याच्या मागे पण वाऱ्याच्या आडबाजूला. बंद केलेल्या रस्त्यावर ते चालतं. आपल्या रस्त्यावर डावीकडून वारं असताना तिरकी रांग केली तर शेवटचा माणूस सरळ गाड्यांच्या मार्गात जातो. इथे एकच सरळ रांग, आणि एरवीपेक्षा जास्त अंतर ठेवून. झोताने पुढचा सरकला तर त्याच्या मागच्या चाकाला तुमचं पुढचं चाक लागता कामा नये, कारण तसं लागलं की पडतो तो मागचाच.

कधी निघायचं आणि कोणीकडे

सगळ्यात जास्त वाचतं ते इथे. नियम जुना आहे: आधी वाऱ्याच्या तोंडावर जा, ताजे असताना, आणि येताना ते पाठीशी घ्या. पावसाळ्यात साताऱ्याहून याचा अर्थ सरळ आहे. पश्चिमेला यवतेश्वर चढून कासकडे जायचं. चढ आणि वारं दोन्ही आधी भोगून घ्यायचे, परतीला उतार आणि पाठीचं वारं. याउलट सकाळी कोरेगावकडे, म्हणजे पूर्वेला, निघालात तर जाताना आपण फार तयारीत आहोत असं वाटतं, खूप लांब जातो, आणि मग परतीला सगळं वसूल होतं. पवनचक्क्या दिसत असतील तर त्यांच्याकडूनच विचारून घ्या. त्या वाऱ्याकडे तोंड करून उभ्या असतात. तुमच्याकडे पात्यांचं तोंड दिसत असेल तर त्यांच्या दिशेने जाताना वारं तुमच्या पाठीशी आहे. त्यांची पाठ दिसत असेल तर समोरून आहे.

वेळेचंही तसंच. जमीन तापली की वरचं जोरकस वारं खाली मिसळायला लागतं, म्हणून पठारावर पहाट शांत असते आणि नऊ-दहानंतर वारं वाढतं. साडेपाचला निघालेला माणूस साडेनऊला घरी असेल तर निम्मी अडचण त्याला भेटतच नाही. कोकणात दापोली, गुहागर, मालवण या बाजूला किनाऱ्याने फिरणाऱ्यांनी खाऱ्या वाऱ्याचा हिशेब ठेवावा. पावसाळा सोडला तर पहाटे जमिनीकडून हलकं मतलई वारं असतं, दुपारकडे समुद्रावरून खारं वारं जोर धरतं. लांब टप्पे अकराच्या आत उरका.

अंदाज बघताना तीन गोष्टी. एक, ‘पश्चिमेचं वारं’ म्हणजे पश्चिमेकडून येणारं. अॅपमधला बाण उलटा वाचणारे बरेच भेटतात. दोन, एकक बघा. एक नॉट म्हणजे ताशी १.८५ किलोमीटर, आणि सेकंदाला मीटरमध्ये दिलं असेल तर ३.६ ने गुणायचं. तीन, सरासरीपेक्षा झोतांचा आकडा महत्त्वाचा. सरासरी २५ आणि झोत ३० असेल तर मी बेधडक निघतो. सरासरी २० आणि झोत ४५ असेल तर हायवेवर जात नाही.

अॅप नसलं तरी डोळे आहेत. धूळ आणि कागद उडतायत, बारीक फांद्या हलतायत, तर वारं ताशी २० ते २८. लहान झाडं पूर्ण डोलतायत तर २९ ते ३८; या वाऱ्यात मी गावरस्ते धरतो. मोठ्या फांद्या हलतायत, तारा शिट्टी घालतायत, छत्री धरवत नाही, तर चाळिशीच्या पुढे. अशा दिवशी सायकल घरी.

एक गोष्ट मला फार धीर देते. नेदरलँड्समध्ये समुद्राच्या बांधावर, समोरच्या सोसाट्याच्या वाऱ्यात साडेआठ किलोमीटर सायकल चालवायची राष्ट्रीय स्पर्धा २०१३ मध्ये सुरू झाली. सायकल सगळ्यांना सारखी, ताठ बसायची, गिअर नसलेली. वारं पुरेसं जोरात असेल त्याच दिवशी स्पर्धा घेतात. तिथे माणसं हौसेने हे करतात, तर नीट गिअर असलेल्या सायकलवर आपण कामापुरतं नक्कीच करू शकतो. फक्त त्यांच्याकडे त्या दिवशी शेजारून कंटेनर जात नाही, हे विसरू नका.

थांबायचं कधी

सलग दोन झोतांत तुम्ही ठरवलेल्या जागेवरून दोन फुटांहून जास्त सरकलात, तर उतरा. चालत सायकल न्या, एक हात हँडलवर, एक सीटवर. त्यात कमीपणा काहीच नाही.

एप्रिल-मेमध्ये वळवाचं वेगळं असतं. दुपारपर्यंत घामट, मग पश्चिमेला किंवा दक्षिणेला आभाळ काळं होतं, वारं एकदम पडतं आणि गार झोत अंगावर येतो. तो गार झोत लागला की पाऊस यायच्या आतच वादळी वारं येणार असं समजा आणि लगेच पक्क्या इमारतीत शिरा. झाडाखाली नको, फांद्या आणि वीज दोन्हींचं भय असतं. जाहिरातीच्या फलकाखाली तर मुळीच नको. १३ मे २०२४ ला घाटकोपरमध्ये अशाच वादळी वाऱ्यात पेट्रोल पंपावर मोठा फलक कोसळून १७ माणसं गेली.

परतीचा दुसरा मार्ग निघतानाच डोक्यात ठेवा. कुठून छोटा टेम्पो मिळेल, कोणाकडे सायकल ठेवता येईल, घरून कोण गाडी घेऊन येईल. गेल्या जुलैत मी उंब्रजहून परतत होतो आणि अतीत गावापर्यंत येता येता वारं हाताबाहेर गेलं. घर वीसएक किलोमीटरवर होतं. मी एका टपरीच्या मागच्या भिंतीला सायकल टेकवली आणि आत बसलो. टपरीवाल्या काकांनी पत्र्यावर ठेवलेले दगड मोजून दाखवले, अकरा होते, आणि म्हणाले, ‘हे हलायचं थांबलं की जावा.’ दोन चहा झाले, घरी फोन झाला. साडेपाचच्या सुमाराला पत्रा गप्प झाला. त्यानंतर दीड तास लागला, हलक्या गिअरवर, आणि उजेड असेपर्यंत मी घरी होतो.